एका तावातून डझनभर ईदी पाकिटे

घरबसल्या करता येण्याजोग्या कागदी कामांत कंदील, पताका, पतंग, पिशव्या असे बरेच प्रकार आहेत. त्यांपैकी सर्वांत कमी भांडवलाचे काम म्हणजे ईदी देण्याचे पाकीट. त्याला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही आणि घरातील आई-बहिणी जोहरच्या नमाजनंतरच्या दोन-तीन तासांत ते करू शकतात. मात्र बहुतेक घरांत हे काम घाऊक व्यापाऱ्याकडून कागद आणून, ग्रोसच्या दराने मजुरीवर केले जाते. स्वतःचा माल म्हणून ते केले तर परवडेल काय, याचा हिशेब फारसा कोणी मांडत नाही. तो येथे मांडला आहे.

प्रथम मापाविषयी. बाजारात अजूनही सव्वासात इंच लांबीची पाकिटे दिसतात. ते माप जुन्या नोटांचे आहे. जुनी हजाराची नोट १७७ मिलिमीटर लांब होती, पाचशेची १६७. नोव्हेंबर २०१६ नंतर आलेली पाचशेची नोट १५० मिलिमीटर लांब व ६६ रुंद आहे. दहा, वीस, पन्नासच्या नव्या नोटा त्याहून लहान. जुन्या मालिकेतील शंभराची नोट (१५७ बाय ७३) आजही चलनात आहे, म्हणून तिला जागा ठेवावी. तेवढी ठेवली की पुरे. म्हणजे तयार पाकीट १६३ मिलिमीटर लांब व ७८ मिलिमीटर रुंद झाले तर चालू असलेली कोणतीही नोट न दुमडता आत जाते.

आता ताव घ्या २० बाय ३० इंचांचा. वीस इंचांच्या बाजूचे तीन भाग करा, तीस इंचांच्या बाजूचे चार. सुमारे १६९ बाय १९० मिलिमीटरचे बारा तुकडे पडतात आणि चिंधी उरत नाही. जुन्या मापासाठी सात बाय आठ इंचांचा तुकडा लागतो, तो एका तावात आठच बसतो आणि कडेच्या पट्ट्या वाया जातात. एक ग्रोस, म्हणजे १४४ पाकिटांना जुन्या मापाने १८ ताव लागतात, नव्या मापाने १२. नफ्याचा मोठा भाग या सहा तावांतच आहे. व्यापाऱ्याशी भाव करताना जे दोन-चार रुपये सुटतात, त्यापेक्षा हा फायदा मोठा.

कागद ९० ते १२० जीएसएमचा घ्यावा. पातळ कागदातून नोटेचा आकडा दिसतो आणि मुले उघडण्याआधीच एकमेकांच्या पाकिटांची तुलना करू लागतात. जाड कार्डाची घडी फुटते. घाऊक बाजारात कागद वजनावर मिळतो, तेव्हा हे सूत्र ध्यानात ठेवावे : तावाची लांबी व रुंदी इंचांत घेऊन त्यांचा गुणाकार करावा, त्याला जीएसएमने गुणावे व ३१०० ने भागावे. ५०० तावांच्या रिमाचे वजन किलोत मिळते. २० बाय ३० चा १०० जीएसएमचा रीम १९ किलो ३५० ग्रॅम भरतो. म्हणजे एका ग्रोसला लागणारे १२ ताव अर्ध्या किलोपेक्षाही कमी. किलोचा जो भाव असेल त्याच्या निम्म्याहून कमी खर्चात १४४ पाकिटांचा कागद येतो. हे कळले की आपल्याला मिळणारी मजुरी व दुकानातील पाकिटाची किंमत यांतले अंतर कोठे जाते तेही कळते.

कागदाला आडवा-उभा असतो. एक पट्टी फाडून पाहावी. ज्या दिशेने ती सरळ फाटते ती तंतूंची दिशा. पाकिटाची लांब घडी त्याच दिशेने आली पाहिजे, नाहीतर घडी खरबरीत होते व पाकीट फुगून राहते. तावात तंतू बहुधा तीस इंचांच्या बाजूने असतात व आपले १९० चे माप त्याच बाजूने आहे. तरीही खरेदीपूर्वी पाहून घ्यावे.

ताव घरी कात्रीने कापत बसू नये. जवळच्या छापखान्यात कटिंग मशीनवर शेकडो ताव एका दमात कापून मिळतात आणि काटकोन बरोबर येतो. कोपरा एक मिलिमीटर तिरका गेला तरी पाकीट तिरळे दिसते.

घडीची पद्धत अशी. रुंदीच्या बाजूने १३, ७८ व ७८ मिलिमीटर अशा खुणा करा. १३ ची पट्टी चिकटवायची, मधला भाग पाठ, शेवटचा भाग दर्शनी. पाठ व पट्टी यांचा खालून १२ व वरून १५ मिलिमीटर भाग कापून टाका, म्हणजे दर्शनी भागालाच खाली बूड आणि वर झाकण राहील. बूड व झाकणाचे कोपरे किंचित तिरपे कापावेत. प्रत्येक पाकिटावर मोजमाप करू नये. जाड पुठ्ठ्याचा किंवा पत्र्याचा एक फर्मा करून घ्यावा. घडीची रेघ शाई संपलेल्या बॉलपेनने दाबून काढली की घडी सुरीसारखी पडते.

चिकटवण्यास मैद्याची खळ उत्तम. एक वाटी मैद्यास पाच-सहा वाट्या पाणी, मंद आच, सतत ढवळणे. टिकण्यासाठी चिमूटभर तुरटी घालावी. काही ठिकाणी मोरचूद घालतात. ते विषारी आहे, आणि ही पाकिटे लहान मुलांच्या हाती जाणार आहेत. खळ लावण्याची युक्ती जुन्या कारागिरांकडून घ्यावी : दहा-पंधरा तुकडे जिन्याच्या पायऱ्यांसारखे एकावर एक सरकवून ठेवायचे, प्रत्येकाची फक्त १३ मिलिमीटरची पट्टी उघडी राहते, आणि कुंचला एकदाच फिरवायचा.

वेळेचा हिशेब करण्यासाठी दोन डझन पाकिटे घड्याळ लावून करा व मिनिटांना सहाने गुणा. समजा पन्नास मिनिटे लागली, तर ग्रोसला पाच तास झाले. या पाच तासांची मजुरी खर्चात धरल्याशिवाय भाव सांगू नये. घरातल्या बाईची मेहनत फुकट धरून लावलेला भाव पुढच्या वर्षी वाढवता येत नाही.

छपाईबाबत तीन गोष्टी. साल छापू नये, हिजरीही नाही. पवित्र शब्द छापू नयेत, कारण रिकामे पाकीट शेवटी कचऱ्यात जाते व पुष्कळ गिऱ्हाईक या कारणाने असा माल घेत नाहीत. आणि ‘रमजान ईद’ असे न लिहिता नुसते ‘ईद मुबारक’ लिहावे. उरलेला माल सुमारे ७० दिवसांनी बकरी ईदला निघतो. एक भाग पूर्ण कोराही ठेवावा. शव्वालमध्ये निकाह पुष्कळ होतात आणि दिवाळी-लग्नसराईचे हिंदू गिऱ्हाईकही तेच पाकीट घेते. त्यावर एक रुपयाचे नाणे चिकटवले की आहेराचे पाकीट तयार.

या धंद्याचा हंगाम मात्र सरकता आहे. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे, म्हणून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. २००४, २००५ व २००६ या तिन्ही वर्षी दिवाळी आणि रमजान ईद एकाच आठवड्यात आल्या होत्या. तेव्हा कागदाचे घाऊक व्यापारी दोन्हीकडून मागणीत होते. २०१२ ते २०१८ या काळात ईद जून ते ऑगस्टमध्ये, म्हणजे ऐन पावसाळ्याच्या दिवसांत आली. खळ वाळेना, कागदाला दमट वास. येती काही वर्षे ईद थंडीकडे सरकत आहे, कागदी कामाला याहून चांगली हवा नाही. २००० साली जानेवारी आणि डिसेंबर अशा दोन रमजान ईद झाल्या होत्या. २०३३ मध्येही गणिताप्रमाणे तसेच होईल. अशा वर्षी भांडवल दोनदा लागते. कागद रज्जबमध्ये घ्यावा, काम शाबानमध्ये उरकावे आणि माल दहाव्या रोज्याच्या आत दुकानदाराकडे पोहोचवावा. विसाव्यानंतर नेलेला माल तो उधारीवरच ठेवून घेतो.

हात बसल्यावर याच फर्म्याच्या पद्धतीने खजूर व सुक्या मेव्याच्या कागदी पिशव्या करता येतील. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आल्यापासून त्यांना मागणी आहे. त्यासाठी कोरा क्राफ्ट कागदच वापरावा. खाद्यपदार्थांसाठी वर्तमानपत्राच्या रद्दीला अन्नसुरक्षा नियमांत मनाई आहे, आणि तपासणीत दंड दुकानदाराला झाला तरी पुढची ऑर्डर तुमची जाते.

तयार पाकिटे डझनाच्या गड्ड्या करून, वर-खाली पुठ्ठा लावून, जमिनीपासून उंच ठेवावीत. दुकानदारास नमुना दाखवताना ग्रोसचा भाव सांगावा, पाकिटाचा नव्हे. सुटा भाव सांगितला की तो आधी तोच कापतो.