हृदयावरणातील पाणी आणि तुकड्याची तपासणी

प्रश्न : वडिलांच्या हृदयाभोवती दोनदा पाणी साठले. त्यात कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत; तरीही डॉक्टर आवरणाचा तुकडा काढावा म्हणतात. याची गरज आहे काय?

उत्तर : आहे, आणि आपण तो सल्ला मानावा असे मी आग्रहाने सांगेन. आपल्या देशात हृदयावरणात पाणी साठण्यास बहुधा क्षय कारणीभूत असतो, म्हणून प्रथम त्याचीच औषधे सुरू होतात, हे रास्तच. परंतु ती नियमाने घेऊनही पाणी, विशेषतः रक्तमिश्रित पाणी, पुनःपुन्हा साठू लागले, तर फुप्फुसासारख्या अन्य अवयवातून पसरलेल्या कर्करोगाची आणि क्वचित आवरणातच उद्भवणाऱ्या कर्करोगाची, म्हणजे मेसोथेलिओमाची, शंका घेतलीच पाहिजे. हा दुर्मीळ अर्बुद आवरणाला वेढून पसरतो, त्याच्या पेशी पाण्यात फारशा सुटत नाहीत, आणि सुटल्या तरी दाहाने बदललेल्या निर्दोष पेशींशी त्यांचे साम्य इतके असते की अनुभवी परीक्षकही साशंक होतो; यास्तव पाण्याचा अहवाल हा रोग नसल्याचा दाखला नव्हे. एमआरआयने आवरणाची जाडी व गाठी कळतात, पण निर्वाळा मिळतो तो तुकड्यावर कॅलरेटिनिनसारखी प्रथिने ओळखणारी विशेष रंजने केल्यावरच. तुकडा पुरेसा मोठा घ्यावा, आणि त्याचा काही भाग क्षयजंतूंच्या परीक्षेसाठी राखून ठेवण्याची तजवीज शस्त्रक्रियेपूर्वीच करवून घ्यावी.