हळद : शब्द आणि परंपरा

पिंपळगाव राजा येथे दर्शनास येणाऱ्या भाविकांच्या पूजेच्या ताटात हळद नाही, असे सहसा घडत नाही. नित्य वापरातील या शब्दाचा पूर्वेतिहास मात्र फारसा कोणास ठाऊक नसतो.

संस्कृतात हळदीस ‘हरिद्रा’ म्हणतात. ‘हरि’ या शब्दाच्या अनेक अर्थांपैकी पिवळा, पिंगट हा एक अर्थ होय. प्राकृतात ‘हरिद्रा’चे ‘हलिद्दा’ झाले व मराठीत ‘हळद’. अमरकोशात कांचनी, पीता, वरवर्णिनी ही नावे असून, रात्रीची सर्व नावे हळदीसही लागू पडतात असे तेथे सांगितले आहे. म्हणूनच आयुर्वेदातील ‘निशा-आमलकी’ या योगात निशा म्हणजे रात्र नव्हे, तर हळद समजावयाची असते.

कुंकवाची कथा याहून वेधक आहे. ‘कुंकुम’ म्हणजे मुळात केशर. ते काश्मीरचे आणि महागडे. सामान्य कुटुंबास परवडणारे नव्हे. त्याची जागा हळदीने घेतली. हळकुंडांवर टाकणखार व लिंबाचा रस यांची प्रक्रिया केली असता पिवळा रंग पालटून लाल होतो, तेच पारंपरिक कुंकू. (बाजारातील पुष्कळसे कुंकू आता केवळ रंगविलेली भुकटी असते, कपाळास खाज सुटली तर दोष हळदीचा नव्हे.) आश्चर्य असे की, अरबी भाषेतील ‘कुर्कुम’ हा शब्दही केशरवाचकच असून त्यावरूनच वनस्पतिशास्त्रात हळदीस ‘कुर्कुमा लोंगा’ हे नाव मिळाले. दोन्हीकडे नाव केशराचे आणि कंद हळदीचा!

मराठी माणसाने हा शब्द संसारातही मुरविला. ‘हळद लागली’ म्हणजे विवाह ठरून विधी सुरू झाला. ‘अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे’ म्हणजे अल्पशा यशाने हुरळून जाणे.

तथापि ‘हळदीकुंकू’ या जोडशब्दास पुढे केवळ सवाष्णीचा असा अर्थ चिकटला आणि पती निवर्तताच त्या स्त्रीस या मानापासून दूर ठेवण्यात येऊ लागले. ‘हरिद्रा’ या शब्दात असा भेद कोठेही नाही. जेजुरीस खंडेरायाचा भंडारा म्हणजे हळदच. तो स्त्री-पुरुष, लहान-थोर सर्वांच्या कपाळी लागतो. तेथे कोणी कोणाचे सौभाग्य विचारीत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे आदी प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. त्यानंतर अनेक गावांत संक्रांतीच्या हळदीकुंकवास विधवा भगिनींनाही सन्मानाने बोलाविण्यात आले आहे.