हाक मारणाऱ्याआधी झोपलेल्याकडे का?

प्रश्न : वडिलांच्या ऑपरेशननंतर मी रात्री वॉर्डात त्यांच्यापाशी होतो. समोरच्या खाटेवर पाय मोडलेला तरुण कळवळून सिस्टरना हाका मारत होता. सिस्टर आधी गेल्या त्या कोपऱ्यातल्या आजोबांकडे. ते तर शांत झोपले होते! घड्याळ बघत त्या तिथे नुसत्या उभ्या राहिल्या. ही कुठली रीत? – एक वाचक, सांगली

उत्तर : हाका मारणाऱ्या तरुणाबद्दल सिस्टरना लांबूनच बरंच कळलं होतं. तो नीट बोलतोय, म्हणजे श्वासाची वाट मोकळी आहे, शुद्ध आहे. आजोबांबद्दल यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ऑपरेशननंतरची झोप आणि ग्लानी लांबून सारखीच दिसते. जवळ जाऊन हाक मारल्याशिवाय फरक समजत नाही. म्हणून वॉर्डातला क्रम असा : आधी श्वासाची वाट, मग श्वास, मग रक्ताभिसरण, मग शुद्ध. दुखण्याची पाळी बहुतेक वेळा त्यानंतर येते.

घड्याळ बघत त्या आजोबांचे श्वास मोजत होत्या. ते पूर्ण एक मिनिट मोजायचे असतात, आणि पेशंटला न सांगता. सांगितलं की माणूस श्वास वेगळा घेऊ लागतो. मॉर्फिनसारख्या वेदनाशामकाने गुंगी वाढते आणि श्वास मंदावतो. बोटाला ऑक्सिमीटर असताना मोजायचं कशाला, असं वाटेल. पण नाकाला ऑक्सिजनची नळी असेल, तर श्वास मंदावल्यावरही ऑक्सिमीटरचा आकडा बराच वेळ चांगला राहू शकतो. उलट न्यूमोनियात किंवा रक्तात जंतुसंसर्ग पसरताना श्वासाची गती वाढते, आणि पुष्कळदा बीपी उतरण्याच्या कितीतरी आधी. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2012 मध्ये अशा धोक्यासाठी गुण देण्याची पद्धत आणली. मिनिटाला 12 ते 20 श्वास असतील तर शून्य गुण. 8 किंवा कमी, अथवा 25 किंवा जास्त असतील तर थेट 3. 2017 च्या सुधारणेत पेशंट नव्याने गोंधळल्यासारखा बोलू लागला, तर त्यालाही 3 गुण ठरले. एवढ्या एका नोंदीवरही डॉक्टरांना कळवावं लागतं.

म्हणूनच अख्ख्या वॉर्डाच्या चार्टवर प्रत्येकाचे श्वास 20 लिहिलेले दिसले, की ते न मोजताच लिहिले असावेत, अशी मला धास्ती वाटते. दोष एकट्या सिस्टरचा नसतो. रात्री एकीवर सारा वॉर्ड सोपवला, तर प्रत्येक खाटेपाशी ते मिनिट ती आणणार कुठून?

एकट्या बीपीवरही भिस्त ठेवता येत नाही. आत रक्तस्राव होत असला तरी धडधाकट शरीर सुरुवातीला बीपी सावरून धरतं. आधी नाडी वाढते, हातपाय गार पडतात, लघवी कमी होते. 60 किलोच्या माणसाला तासाला निदान 30 मिलीलीटर लघवी व्हायला हवी. सिस्टर पिशवीतली पातळी वाकून बघतात ती यासाठी.

आता त्या तरुणाचं. त्याला फार वेळ ताटकळत ठेवणंही बरोबर नाही. शिवाय पोटाच्या किंवा छातीच्या ऑपरेशननंतर दुखण्यामुळे पेशंट खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, कफ साठतो. आणि मोडलेल्या पायाचं दुखणं औषध देऊनही वाढत असेल, पोटरी ताठ झाली असेल, कुणी बोटं हलवली तरी असह्य कळ येत असेल, मुंग्या येत असतील, तर सूज स्नायूंचा रक्तपुरवठा दाबत असू शकते. काही तासांत पाय कायमचा निकामी होऊ शकतो. अशा वेळी शल्यविशारदाला तातडीने बोलावतात, आणि रांगेत तो तरुण पुढे येतो.

एक गोष्ट मात्र सिस्टरपेक्षा तुम्हाला अधिक माहीत असते : तुमचे वडील एरवी कसे आहेत. काल नीट बोलणारे वडील आज असंबद्ध बोलू लागले, चादर चाचपू लागले, जेवायला उठवूनही पुन्हा पेंगू लागले, तर ‘वयामुळे असेल’ म्हणून थांबू नका. सिस्टरना लगेच सांगा, आणि कालपासून नेमकं काय बदललं तेही सांगा.