एवढं पळतात, म्हणजे मधे थांबतच नाहीत का?

प्रश्न : आमचं घर कोळवणला, रस्त्याच्या कडेलाच. थंडीच्या दिवसांत रविवारी पहाटे, अजून नीट उजाडलेलंही नसतं, तेव्हा डोक्याला दिवे बांधलेली दहा-पंधरा माणसं पौडच्या बाजूनं पळत येतात आणि हाडशीकडे जातात. ऊन चढल्यावर तीच परत येताना दिसतात. एकाला विचारलं, तर म्हणाला पन्नास किलोमीटरच्या शर्यतीची तयारी चाललीय. ही काही पोलिस भरतीची पोरं नाहीत. कुणी बँकेत आहे, कुणी डॉक्टर, एक बाई तर माझ्याच वयाच्या, म्हणजे पन्नाशीच्या पुढच्या वाटल्या. एवढं अंतर माणूस न थांबता पळतो तरी कसा? शरीर झिजत नाही का? माझा पुतण्या पिरंगुटला कंपनीत शिफ्टमध्ये आहे, आता तोही म्हणतोय मला हे करायचंय. त्याला हो म्हणू की नको? आणि ही मंडळी दारावरून जातात तेव्हा त्यांना द्यावं तरी काय, चहा की पाणी?
— एक वाचक, कोळवण (ता. मुळशी)

उत्तर : सगळेच काही न थांबता पळत नाहीत. हौशी माणूस तर नाहीच. तुमच्याच रस्त्यावर खात्री करून घ्या. कोळवणच्या खोऱ्यातून पवनेच्या खोऱ्यात उतरायचं तर मधली डोंगराची धार ओलांडावीच लागते. हाडशीच्या पुढे चढ सुरू होतो तिथे एखाद्या रविवारी उभे राहा. तुमच्या दारासमोरून ऐटीत पळत गेलेली हीच मंडळी तिथे गुडघ्यांवर हात रेटत चालताना सापडतील. दमली म्हणून नव्हे. चढ आला की चालायचं, हे त्यांनी घरून निघतानाच ठरवलेलं असतं. चढावर धावून मिनिटभर वाचतं आणि पुढच्या तासात त्याची दहा मिनिटं भरावी लागतात, हा हिशेब प्रत्येकाला एकदा तरी पायांनी शिकावा लागतो.

मॅरेथॉन 42.195 किलोमीटरची. त्याहून लांब ते सगळं अल्ट्रा : 50 किलोमीटर, 100 किलोमीटर, 100 मैल, किंवा अंतर न ठरवता 12 तासांत, 24 तासांत होईल तेवढं. नाव ऐकून छाती दडपते, म्हणून वेग काढून बघू. दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग या दोन शहरांमध्ये कॉम्रेड्स नावाची शर्यत होते. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या विक क्लॅफम यांनी मेलेल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ ती 24 मे 1921 रोजी सुरू केली. पहिल्या वर्षी 34 जण निघाले आणि 16 पोचले. आता हजारो पळतात आणि त्यात मुंबई-पुण्याची मराठी मंडळीही दरवर्षी असतात. अंतर 90 किलोमीटरच्या आसपास, मुदत 12 तास. बारा तास भरले की एक अधिकारी येणाऱ्या धावपटूंकडे पाठ करून बंदूक उडवतो. त्यानंतर एका सेकंदानं आलेल्यालाही पदक नाही. आता भागाकार करा. नव्वद भागिले बारा, म्हणजे तासाला साडेसात किलोमीटर. झपझप चालणारा माणूस तासाला सहा जातो. म्हणजे जगातल्या सर्वांत जुन्या आणि नावाजलेल्या अल्ट्रात शेवटच्या मिनिटाला का होईना, पण पोचायचं असेल, तर झपझप चालण्यापेक्षा तासाला दीड किलोमीटर जास्त जावं लागतं. एवढंच. ते बारा तास करत राहावं लागतं, ही खरी गोम.

म्हणून माझं स्पष्ट मत असं, की हौशी माणसाच्या अल्ट्रात पळणं निम्मंच असतं. उरलेलं निम्मं म्हणजे वेळेवर खाणं, बेतानं पिणं, पाय जपणं आणि घड्याळाकडे लक्ष ठेवणं. जे मधेच सोडून देतात, त्यातले बरेच जण पायांमुळे नाही, पोटामुळे सोडतात.

खाण्याचं सविस्तर सांगतो, कारण सगळं त्यावरच अडतं. सपाटीवर पळताना माणूस वजनाच्या दर किलोमागे, दर किलोमीटरला साधारण एक कॅलरी जाळतो. तुमचा पुतण्या 60 किलोचा धरला तर 50 किलोमीटरला 3000 कॅलरी, डोंगर असला तर त्याहून जास्त. शरीर यकृतात आणि स्नायूंत साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं, ती जेमतेम दीड-दोन हजार कॅलरींची. ती तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येते आणि धडधाकट माणूस अचानक रस्त्याच्या कडेला बसतो. चरबीचा साठा मात्र प्रचंड. साठ किलोच्या सडपातळ माणसातही नऊ किलो चरबी असली, तर ती जवळजवळ 70 हजार कॅलरींची. मग अडतं कुठे? चरबी म्हणजे चुलीतला ओंडका. तो सावकाश जळतो आणि खाली काटक्या घालत राहिलं तरच धरतो. काटक्या म्हणजे साखर. तासाला साडेसात किलोमीटर जाणारा तुमचा पुतण्या साडेचारशे कॅलरी खर्च करणार, आणि पळणारं पोट तासाला 60 ग्रॅमच्या आसपास साखर पचवतं, म्हणजे 240 कॅलरी. उरलेलं चरबीतून भागतं. हळू गेलं की भागतं, वेगात गेलं की नाही. सावकाश पळण्यामागचं कारण हे असं पोटातलं आहे.

म्हणून आपल्याकडच्या शर्यतींत वाटेवरच्या टेबलांवर केळी, खजूर, चिक्की, मीठ लावलेले उकडलेले बटाटे, संत्री, लिंबू सरबत असं सगळं मांडलेलं असतं. बाहेरून येणाऱ्या महागड्या जेलच्या पुड्याही लोक खिशात ठेवतात, पण गुळाचा खडा त्या कामाला अगदी कमी पडतो असं मला वाटत नाही. साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही असतात आणि आतडं ती दोन्ही वेगवेगळ्या वाटांनी शोषतं, त्यामुळे नुसत्या ग्लुकोजपेक्षा जरा जास्तच पचतं. भाकरी आणि ठेचा मात्र शर्यत संपल्यावर. पळताना रक्त पायांकडे गेलेलं असतं, कोंडा आणि तिखट पोट सहन करत नाही. भूक लागायच्या आधी, दर अर्ध्या तासाला थोडं, इच्छा असो वा नसो. सहाव्या-सातव्या तासाला गोडाची शिसारी येते तेव्हा मिठाचा बटाटा कामाला येतो.

पाण्याबद्दल आपल्याकडे ‘भरपूर प्या’ एवढंच सांगतात आणि ते अर्धवट आहे. तहानेपेक्षा फार जास्त साधं पाणी पीत राहिलं, तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. मळमळ, डोकेदुखी, बोटं सुजणं, पुढे भ्रम आणि झटके, क्वचित मृत्यूही. डॉक्टरांच्या हे पहिल्यांदा नीट लक्षात आलं ते 1980च्या दशकात, दक्षिण आफ्रिकेतल्या अशाच लांब शर्यतींमध्ये. 2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये 488 जणांचं रक्त तपासलं, तेव्हा 13 टक्क्यांमध्ये सोडियम कमी आढळलं. ती तर नुसती मॅरेथॉन. तेव्हा तहान लागेल तसं प्यायचं, आणि खाण्यात मीठ ठेवायचं.

शरीर झिजतं का, असं तुम्ही विचारलंय. शर्यतीपुरतं झिजतं, हे लपवण्यात अर्थ नाही. सगळ्यांना चढाची धास्ती असते, पण मांड्यांची खरी वाट उतार लावतो. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच आवळलेला राहतो, त्यात त्याचे बारीक तंतू फाटतात. दोन दिवस जिना उतरताना कठडा धरावा लागतो तो त्यामुळे. ते भरून येतं आणि पुढच्या वेळी स्नायू जास्त सोसतो. पायाची नखं काळी पडतात, तळव्याला फोड येतात, काखेत आणि जांघेत घासून कातडी सोलते. त्याला व्हॅसलिन किंवा खोबरेल तेल, आणि अर्धा नंबर मोठा बूट, कारण तासागणिक पाऊल सुजतं. ही सगळी किरकोळ दुखणी झाली. किरकोळ नसलेलं एक लक्षात ठेवा. शर्यतीत किंवा नंतर लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली, तर स्नायूंतले घटक मूत्रपिंडात जाऊन बसतायत. सरळ दवाखाना गाठायचा. आणि पळताना दुखण्यावरची गोळी घ्यायची नाही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा नेमक्या त्याच वेळी कमी करतात. शहरातली शिकलेली माणसंही ही चूक सर्रास करतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

ही बँकेतली नि दवाखान्यातली माणसं बघून हे शहरी खूळ वाटणं साहजिक आहे. पण या मुलखाचा इतिहास उलटा आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत सर दोराबजी टाटांनी शेतकरी घरांतली पोरं अनवाणी पळताना पाहिली. शर्यतीचे नियम त्यांना धड ठाऊक नव्हते, पण दम असा होता, की टाटांनी त्यांच्यातल्या निवडक खेळाडूंना ऑलिंपिकला धाडण्याचा घाट घातला. 1920 च्या अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन पळाले आणि 2 तास 50 मिनिटं 45 सेकंदांत एकोणिसावे आले. त्या वर्षीचा मार्ग पावणे त्रेचाळीस किलोमीटरचा होता, म्हणजे आजच्या मॅरेथॉनपेक्षा अर्धा किलोमीटर जास्त. आजच्या व्याख्येत बसवायचं म्हटलं तर चौगुले अर्ध्या किलोमीटरनं अल्ट्रा धावपटूच ठरतात, पण तो वकिली मुद्दा झाला.

आणि शिवजयंती आठवा. गडावरून ज्योत आणताना मागे टेम्पो, पुढे मशाल, किलोमीटर-अर्धा किलोमीटर पळून पोरं आळीपाळीनं टेम्पोत चढतात. गटानं मिळून रात्रभरात शंभर किलोमीटर सहज होतात. एखादा पोरगा मात्र टेम्पोत बसायला तयारच नसतो. दर वळणावर मशाल पुन्हा त्याच्याच हातात. तुमचा पुतण्या त्यातला आहे का, ते तुम्हालाच ठाऊक असेल. असला, तर त्याचा उत्साह शंकेपलीकडचा आहे आणि त्याची पद्धत अगदी वाईट : अनवाणी, डांबरावर, जागरण करून आणि उपाशीपोटी.

तेव्हा त्याला हो म्हणा, पण यंदाच्या शर्यतीसाठी नको. चालण्याफिरण्यानं मांड्या आणि दम तयार असतील. पळताना मात्र प्रत्येक पावलाला वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो, आणि दम दोन महिन्यांत वाढला तरी टाचेची शीर आणि नडगीचं हाड त्याला सरावायला कितीतरी जास्त काळ घेतात. दुखापती होतात त्या या मधल्या काळात. एक वर्ष साधं पळू दे, बोलता येईल इतक्याच वेगानं. सातारच्या हिल मॅरेथॉनसारखी 21 किलोमीटरची चढाची शर्यत करू दे, मग एक पूर्ण मॅरेथॉन. तिथून पन्नास फार लांब नाही. त्या तयारीत आठवड्याला एक लांब पळ असतो, तो हळूहळू तीस-पस्तीस किलोमीटरपर्यंत जातो. काही शनिवार-रविवार लागोपाठ दोन्ही दिवस पळायचं, म्हणजे दमलेल्या पायांनी निघायची सवय होते. शर्यतीआधी दोन आठवडे पळणं निम्म्यावर आणायचं. लोणावळ्याची टाटा अल्ट्रा पन्नास किलोमीटरची आहे आणि मध्यरात्रीनंतर सुटते, पण ती डांबरी रस्त्यावरून. सिंहगड-राजगड-तोरणा हा डोंगरी अल्ट्रा मात्र निसरड्या वाटांचा आणि उतारांचा, पहिल्याच वेळी त्याच्या नादी लागू नये.

शिफ्टचं एक पथ्य. रात्रपाळी संपवून तसंच लांब पळायला जायचं नाही. झोप झाली नसेल तर त्या दिवशी पळ रद्द, यात तडजोड नको. सुरुवातीला डॉक्टरकडून रक्तदाब, साखर आणि ईसीजी बघून घ्या. घरात कुणी ऐन तारुण्यात हृदयविकारानं गेलं असेल, तर हृदयाची पुढची तपासणीही करा.

तुमच्या वयाच्या त्या बाईंचं नवल करू नका. कॉम्रेड्समध्ये बायकांना रीतसर प्रवेश 1975 साली मिळाला, त्याआधी फ्रान्सिस हेवर्ड 1923 मध्येच विनापरवाना पळून गेल्या होत्या. मॅरेथॉनच्या अभ्यासांत दिसलंय, की बायका पुरुषांपेक्षा वेग जास्त समान राखतात, सुरुवातीला हुरळून जात नाहीत. अंतर वाढतं तशी या गुणाची किंमत वाढते. वयाचंही तसंच. पुण्याच्या आशीष कासोदेकरांनी 28 नोव्हेंबर 2021 पासून 26 जानेवारी 2022 पर्यंत रोज एक, अशा 60 दिवसांत 60 मॅरेथॉन पुण्यातच पळून काढल्या आणि गिनीज बुकात नोंद केली. ते काही विशीतले नव्हते. ज्यानं सावकाश जायला शिकून घेतलंय, तो इथे टिकतो.

राहिलं चहा-पाण्याचं. सराव चालू असेल तर खुशाल द्या. जाताना साधं पाणी पुरे. परतताना मीठ-साखर घातलेलं लिंबू पाणी आणि चार केळी ठेवलीत, तर ती माणसं तुमचं नाव काढतील. चहाही चालतो, चांगला गोड असला तर उत्तमच. प्रत्यक्ष शर्यत असेल तेव्हा मात्र आधी विचारा, कारण काही शर्यतींत ठरलेल्या टेबलांखेरीज बाहेरून मदत घेतली की धावपटू बाद होतो. आणि खरं विचाराल तर यापेक्षा मोठा उपकार फुकटातला आहे. रविवारी पहाटे दारातली कुत्री बांधून ठेवा.