इंजिन कां तापतें? निदानाची रीत

ट्रॅक्टर असो वा मोटारगाडी, इंजिन तापूं लागलें कीं ‘रेडिएटर बदला’ असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. वैद्य ताप पाहून लगेच औषध देत नाहीं. तो केव्हां चढतो व केव्हां उतरतो हें आधीं विचारतो. अशी पृच्छा इंजिनाबाबत मात्र क्वचितच केली जाते. वास्तविक, इंजिन कोणत्या वेळीं तापतें एवढें जरी मालकानें नीट पाहून ठेवलें तरी निम्में निदान तेथेंच होतें. गहूं पिवळा होऊन शेतांत उभा आहे, आभाळ भरून आलें आहे आणि ट्रॅक्टर मिस्त्रीच्या दारांत पडून आहे, ही अवस्था काय असते हें शेतकरी वाचकांस सांगावयास नको. म्हणून हा विषय थोडा विस्तारानें मांडीत आहों.

डिझेल जळून जी उष्णता उत्पन्न होते, तिचा स्थूलमानानें एक तृतीयांश भागच कामास लागतो. जवळजवळ तितकीच धुरावाटे निघून जाते व उरलेली बहुतेक सिलिंडरच्या भिंतींतून पाण्यास मिळते. हें पाणी पंपानें रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जातें, पंख्याच्या वाऱ्यानें निवतें व पुन्हां इंजिनांत येतें. फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ मोटारीच्या (१९०८ ते १९२७) बहुतेक गाड्यांस पंप नव्हताच; तापलेलें पाणी हलकें होऊन वर चढे व थंड पाणी खालीं येई, एवढ्यावर काम भागे. आतां पंप आला, थर्मोस्टॅट आला, पण तत्त्व तेंच. तेव्हां इंजिन तापलें तर पाणी कमी आहे, किंवा तें फिरत नाहीं, किंवा वारा लागत नाहीं, नाहीं तर उष्णताच प्रमाणाबाहेर उत्पन्न होत आहे. यापलीकडे पांचवें कारण शोधूं नये. फार तर तापमान दाखविणारा कांटा खोटा बोलत असेल, तेवढें आधीं पाहून घ्यावें.

मोटारगाडी गांवच्या गर्दींत तापत असेल व मोकळ्या सडकेवर निवत असेल, तर पंख्याचा संशय घ्यावा. कारण धांवत्या गाडीस समोरचा वारा पंख्याचें काम करून देतो. उलट, वेगांत अथवा घाट चढतांनाच तापत असेल तर रेडिएटर आंतून बुजला आहे किंवा पंप पाणी पुरेसें ढकलीत नाहीं, असें समजावें. ट्रॅक्टरास हा नियम लागू पडत नाहीं. तो माणसाच्या चालीनें नांगर ओढतो. त्याची सर्व भिस्त पंख्यावर. तो सुरू केल्यापासून दहा-पंधरा मिनिटांत, ओझ्यावांचून तापला, तर पाणी, पट्टा व थर्मोस्टॅट हीं तीन आधीं पाहावीं. तासाभराच्या नांगरटीनंतर तापत असेल तर जाळी व नळ्या तपासाव्या.

एका बागाईतदाराच्या ट्रॅक्टरची हकीकत येथें बोधप्रद आहे. नांगरटीस तो दीड तास टिके, पण मळणीयंत्रास जोडला कीं अर्ध्या तासांत उकळे. मिस्त्रीनें थर्मोस्टॅट काढून टाकला, मग पंप बदलला. दोष गेला नाहीं. आतां विचार करावा. नांगरटीचें ओझें अधिक, म्हणजे उष्णता तेथें अधिक. पंप, पाणी व नळ्या दोन्ही कामांस त्याच. मग मळणीच्या वेळीं बदलतें काय? वारा. समोरची जाळी झाडून स्वच्छ दिसत होती. परंतु तिच्या मागें, तेलाचा कूलर व रेडिएटर यांच्या सांदींत, कुसळें व भुसा तेलकट धुळीशीं चिकटून नमद्यासारखा बसला होता. त्यावर नवा भुसा आला कीं उरलासुरला वाराहि बंद. पंख्याच्या बाजूनें बाहेरच्या दिशेस हलक्या दाबाची हवा मारतांच टोपलीभर भुसा निघाला. हवा समोरून मारली असती तर तो अधिकच आंत रुतला असता. मळणीस ट्रॅक्टर वाऱ्याच्या वरच्या अंगास उभा करावा, म्हणजे हा प्रसंगच कमी येतो.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याची जी चाल पडली आहे ती आम्हांस अगदीं नापसंत आहे. त्यावांचून इंजिन योग्य उष्णतेस लवकर पोंचत नाहीं, डिझेल अर्धवट जळतें व सिलिंडर झिजतात. कांहीं इंजिनांत तर तो नसला कीं बरेंच पाणी रेडिएटर टाळून आडवाटेनें परत जातें, व इंजिन उलट अधिक तापतें. त्याची परीक्षा घरीं होते. तो पाण्याच्या भांड्यांत दोऱ्यानें टांगून पाणी तापवावें. त्यावर कोरलेल्या अंशांस, बहुधा ८० ते ९० सेंटिग्रेडच्या दरम्यान, तो उघडूं लागला पाहिजे. इंजिन तापूनहि रेडिएटरची वरची नळी थंडच राहिली, तर तो मिटून बसला आहे असा बळकट संशय घ्यावा. पट्टा मध्यभागीं अंगठ्यानें दाबला असतां साधारण अर्धा इंच लवावा.

पाण्याविषयीं आपल्याकडे फार हेळसांड होते. बोअरचें जड पाणी तापलें कीं त्यांतील चुन्याचे क्षार, चहाच्या भांड्यास बसतात तसे, सिलिंडरभोंवतीं व नळ्यांत बसतात. हा थर उष्णतेस लोखंडाच्या मानानें फार अडवितो. रेडिएटरवरून हात फिरविला असतां कांहीं पट्टे गार लागले, तर तेथील नळ्या बुजल्या असें जाणावें. मात्र ही परीक्षा इंजिन बंद करून, पंखा थांबल्यावरच घ्यावी.

पाणी कमी होतें, पण गळती कोठेंच दिसत नाहीं, अशा वेळीं हेड गास्केट तपासावें. थंड इंजिनाचें झांकण काढून इंजिन सुरू करावें. बुडबुडे अखंड येत राहिले, तेल दुधाळ चहासारखें झालें, किंवा इंजिन गरम झाल्यावरहि धुराड्यांतून पांढरी वाफ येतच राहिली, तर तें फुटलें असण्याचा संभव फार. डिझेल उशिरां सोडणारा पंप व काळ्या रानांत झेपेना इतका खोल लावलेला नांगर, हींहि कारणें आहेतच. नांगराचें ओझें काळा धूर सांगतो.

उकळत्या रेडिएटरचें झांकण मात्र कोणीहि उघडूं नये. चौरस सेंटिमीटरास अर्धा किलो दाब राखणारें झांकण असेल तर आंतील पाणी सुमारें १११ अंशांपर्यंत उकळत नाहीं. झांकण सैल होतांच तें एकदम उसळून तोंडावर येतें, व डोळेहि जाऊं शकतात. पाणी शिल्लक असून पट्टा शाबूत असेल तर ओझें काढून इंजिन तीन-चार मिनिटें हळू चालूं द्यावें. पट्टा तुटला असेल वा पाणी संपलें असेल तर तत्काळ बंद करावें. तापलेल्या इंजिनांत थंड पाणी ओतल्यास हेड तडकतें. निवल्यावर शुद्ध पाणी व कूलंट कंपनीनें सांगितलेल्या प्रमाणांत भरावें. जुनें कूलंट उघड्यावर वा गव्हाणीजवळ ओतूं नये. त्यांतील ग्लायकॉल गोडसर असून विषारी असतें, आणि कुत्रीं व जनावरें तें चाटतात.