कॉर्डलेस सर्क्युलर सॉ : खोक्यावरची किंमत आणि खरा खर्च

कॉर्डलेस सर्क्युलर सॉ दहा हजारांत मिळते असे ऐकून दुकानात निघाला असाल, तर पंचवीस हजारांची तयारी ठेवून जा. दहा हजार ही नुसत्या मशीनची किंमत. बॅटरी वेगळी, चार्जर वेगळा, आणि खोक्यात आलेले ब्लेड तुमच्या कामाचे असेलच असे नाही.

आधी हिशेब. नावाजलेल्या कंपनीचे १८ व्होल्टचे नुसते मशीन साधारण १० ते १८ हजार. ५ एएच (अँपिअर-तास) बॅटरी ७ ते १० हजार, चार्जर ३ ते ५ हजार. स्वस्त ब्रँडमध्ये मशीन ४ ते ६ हजार, ४ एएच बॅटरी अडीच-तीन हजार, चार्जर हजार-दीड हजार. प्लायसाठी बरे ब्लेड ६०० ते १,५००. गॉगल, मास्क, कानाचे मफ मिळून हजारभर. दोन सी क्लॅम्प पाचशेच्या आसपास. सणासुदीच्या सेलमध्ये आकडे थोडे हलतात. भाव विचारतानाच जीएसटी धरून की सोडून, ते विचारा. हार्डवेअरच्या घाऊक बाजारात ‘प्लस जीएसटी’ भाव सांगायची रीत आहे. १८ टक्क्यांप्रमाणे १५ हजारांवर २,७०० रुपये होतात, आणि ते बिल फाडताना कळतात.

ऑनलाइन घेताना ‘सोलो’, ‘बेअर’ किंवा ‘बॉडी ओन्ली’ हे शब्द शोधा. म्हणजे बॅटरी-चार्जर नाही. मकिताच्या मॉडेल क्रमांकाच्या शेवटी ‘झेड’ असेल तर बहुधा तेच. फोटोत मशीनला बॅटरी लावलेली दिसते, म्हणून ती मिळेल असे नाही. ‘खोक्यात काय येते’ ही ओळ वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

तुम्ही खरे तर बॅटरीची कंपनी निवडत असता. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या मशीनला सहसा बसत नाही. घरात आधीच १८ व्होल्टचे ड्रिल असेल, तर त्याच कंपनीच्या त्याच मालिकेतली सॉ घ्या. दहा-बारा हजार तिथेच वाचले. १२ व्होल्टच्या ड्रिलची बॅटरी मात्र इथे चालणार नाही.

व्होल्टच्या आकड्याला भुलू नका. ‘१८ व्होल्ट’ आणि ‘२० व्होल्ट मॅक्स’ एकच: आत पाच सेल एकापुढे एक जोडलेले, पूर्ण चार्ज झाल्यावर २०, एरवी १८. स्वस्त मशीनवर ‘४८ व्हीएफ’, ‘८८ व्हीएफ’ असे छापलेले दिसते, तो व्होल्ट नव्हेच. विचारायचे ते एएच. ५ एएच म्हणजे ९० वॉट-तास, २ एएच म्हणजे ३६. जाड प्लायमध्ये मशीन सहाशे वॉट खेचत असेल, तर ५ एएचवर सलग नऊ मिनिटे कापता येते, २ एएचवर साडेतीन. मोजणे-आखणे धरले तर नऊ मिनिटांत घरचे बरेच काम उरकते. साडेतीन मिनिटांत चिडचिड होते. ‘दोन बॅटऱ्या फ्री’ असलेल्या किटमध्ये त्या दोन्ही बहुधा २ एएचच्या असतात, हे पाहून घ्या. चार्जिंगच्या विजेची चिंता नको. एका वेळी रुपया-दीड रुपया.

डुप्लिकेट बॅटऱ्यांचा बाजार मोठा आहे. ओळखायची एक साधी युक्ती: वजन करा. १८ व्होल्ट ५ एएच बॅटरीत नेहमीचे दहा सेल असतात, प्रत्येक सुमारे ४५ ग्रॅमचा. म्हणजे सेलच साडेचारशे ग्रॅमचे, वर कवच आणि सर्किट. काट्यावर चारशे ग्रॅमही भरली नाही, तर आत पाचच सेल आहेत आणि लेबल खोटे आहे. अर्ध्या किमतीला ‘ओरिजिनल, फक्त बिल नाही’ असे कोणी म्हणाला तर हात जोडा आणि निघा.

अमेरिकेतल्या भावाकडून मागवायचा विचार असेल तर तीन गोष्टी. तिथला चार्जर १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टला लावला की जळेल. चार्जर इथेच घ्यावा लागेल. तिथली वॉरंटी इथे धरली जाईलच असे नाही. आणि विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या हातसामानातच न्याव्या लागतात. १०० वॉट-तासांपर्यंत सहसा अडचण नाही, त्याहून मोठीला विमान कंपनीची परवानगी हवी. ५ एएच बसते, ६ एएच अडते. मशीन आणि ब्लेड मात्र चेक-इनच्या बॅगेत.

कुठे घ्याल? मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी; तालुक्याच्या गावी कंपनीचा अधिकृत विक्रेता. ऑनलाइनपेक्षा पाचशे रुपये जास्त पडले तरी मशीन हातात धरून, चालवून पाहता येते. त्याआधी जवळचे सर्व्हिस सेंटर कुठे ते बघा. मशीन पार्सलने पाठवायची वेळ आली तर जाण्यायेण्याचे भाडे कोणाचे, हेही विचारा. लायसन्स लागत नाही. कागद दोनच: मशीनचा सीरियल नंबर लिहिलेले जीएसटी बिल आणि शिक्का मारलेले वॉरंटी कार्ड. काही कंपन्यांत ठरावीक दिवसांत ऑनलाइन नोंदणी केली तरच वॉरंटीची मुदत वाढते. ती त्याच रात्री करून टाका. बॅटरीची मुदत वेगळी असू शकते. ब्लेड आणि कार्बन ब्रश सहसा वॉरंटीत धरत नाहीत. ब्रशलेस मोटर घेतलीत तर ब्रशचा प्रश्नच नाही, आणि बॅटरीही जास्त पुरते. सुतारकामाचा व्यवसाय असून जीएसटी नोंदणी असेल, तर बिलावर तुमचा क्रमांक घाला, इनपुट क्रेडिट मिळते. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही.

१६५ मिमी ब्लेडचे मशीन घरच्या कामाला पुरते. सरळ कापात ५५ मिमीच्या आसपास खोली मिळते आणि आपला प्लाय १८-१९ मिमीचा. ब्लेड घेताना मधल्या भोकाचे माप घेऊन जा: बऱ्याच मशीनना २० मिमी, काहींना १६ किंवा ३०. २४ दात्यांचे ब्लेड भराभर कापते आणि कडा फोडते. प्लाय-सनमायकाला ४० किंवा जास्त दाते, आणि कॉर्डलेससाठी मुद्दाम पातळ ब्लेड मागा. सनमायकाची बाजू खाली ठेवा; हे ब्लेड खालून वर कापते, चिपा वरच्या बाजूला उडतात. ब्लेड प्लायच्या खाली पाच-सहा मिमीच दिसेल इतकी खोली लावा. सरळ रेघेसाठी महागडी गाईड नको, अॅल्युमिनियमची जाड पट्टी क्लॅम्पने आवळा. ब्लेड बदलताना आधी बॅटरी काढा. प्रत्येक वेळी.

आता सगळ्यात जास्त वापरला जाणारा शॉर्टकट: तीन-चार हजारांच्या मार्बल कटरला लाकडाचे ब्लेड. अनेक सुतार वर्षानुवर्षे हेच करतात आणि तुम्हालाही सुचवतील. त्या कटरला खालून झाकणारे, आपोआप मिटणारे गार्ड नसते आणि तो मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेतो. सर्क्युलर सॉ साधारण पाच हजारांच्या आत. ग्राइंडरला दातेरी ब्लेड लावणे तर त्याहून वाईट. एकदा ब्लेड अडकले की मशीन अंगावर उसळते. पैसे वाचवायचेच असतील तर गॉगल घेऊन ब्लेड साधे घ्या, पण हा मार्ग नको. सॉचे गार्ड वायरने बांधून ठेवणाऱ्याला तुमच्या घरात काम देऊ नका.

बॅटरी उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. महिनोन्‌महिने वापर नसेल तर अर्धी चार्ज करून कोरड्या जागी ठेवा. कोकणातल्या पावसाळ्यात तर डब्यात. मेलेली बॅटरी घंटागाडीत टाकायची नाही, सर्व्हिस सेंटर किंवा ई-कचरा केंद्रात द्यायची.

शेतावर, बांधकामावर, वीज जाते-येते अशा गावी काम असेल, किंवा त्या कंपनीची बॅटरी आधीच घरी असेल, तर मशीन वसूल होते. फ्लॅटमध्ये वर्षातून एखादे कपाट करायचे असेल तर वायरवाली सॉ निम्म्या खर्चात येते आणि तिची बॅटरी म्हातारी होत नाही. मोठ्या शहरांत रोजाच्या भाड्यानेही मिळते. डिपॉझिट किती आणि ब्लेडची झीज कोणाच्या माथी, ते आधी लिहून घ्या. आणि खरेदीआधी प्लायवाल्याला एक फोन करा: माप दिले तर शीट कापून देता का, एका कापाचे किती? बरेच जण देतात. आठ बाय चारची अख्खी शीट जिन्याने वर चढवण्याचे हमालीचे पैसेही त्यात वाचतात.