मावशीची मिनिटं मोजायला किती खर्च येतो?

वर्धा जिल्ह्यातल्या जामच्या चौरस्त्यावरून एक रस्ता नागपूरला जातो, एक हिंगणघाटवरून हैदराबादकडे, एक वरोरा-चंद्रपूरला. घराघरांतली मुलं याच रस्त्यांनी नोकरीला गेली आणि म्हातारे आई-वडील मागे राहिले. मग कोणी वर्धा-नागपूरकडे वृद्धाश्रम शोधतं, कोणी घरीच बारा तासांची मावशी ठेवतं. दोन्हीकडे प्रश्न एकच: आपण भरतो त्या पैशांतली किती मिनिटं खरोखर बाबांच्या वाट्याला येतात? ‘आमच्याकडे सेन्सरवर हजेरी असते’ असं सांगून संस्थेने दरमहा वेगळा आकार लावला, तर तो रास्त आहे की नाही, हे ठरवता यावं म्हणून हा हिशेब.

पहिला हिशेब फुकटात होतो, म्हणून तो आधी करा. समजा वीस आजी-आजोबांची संस्था आहे. दिवसा दोन मावश्या आणि रात्री एक, प्रत्येकीची पाळी बारा तासांची. म्हणजे एकूण ३६ तास, २,१६० मिनिटं. वीसने भागा: माणशी १०८ मिनिटं. यातून मावश्यांचं स्वतःचं जेवण, भांडी, झाडलोट, कपडे वजा करा, मग अंघोळ घालणं, भरवणं, डायपर बदलणं, कूस वळवणं यासाठी काय उरतं ते दिसेल. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२४ पासून माणशी दिवसाला सरासरी २१५ मिनिटांचं बंधन आहे, त्यातली ४४ मिनिटं नोंदणीकृत परिचारिकेची. अमेरिकेने २०२४ साली दिवसाला ३.४८ तास, म्हणजे सुमारे २०९ मिनिटं ठरवली होती. तो नियम पुढच्याच वर्षी टेक्सासमधल्या न्यायालयाने रद्द केला. आपल्याकडे वृद्धाश्रमांना मिनिटांचा असा दंडक नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असे आश्रम उभारण्याची तरतूद आहे, पण तिथे माणशी किती वेळ द्यायचा याचा आकडा नाही. त्यामुळे तो आकडा तुम्हालाच करारात लिहून घ्यावा लागतो.

हेही लक्षात घ्या की अमेरिकेत ही मिनिटं सेन्सरवर मोजली जात नाहीत. २०१६ पासून तिथल्या संस्था पगारपत्रकावरून कामाचे तास सरकारला कळवतात. साधं पगारपत्रक आणि पाळ्यांचा तक्ता दाखवायला जी संस्था तयार नाही, तिच्या सेन्सरवर मी विश्वास ठेवणार नाही.

आता यंत्रांकडे वळू. दर मोघम आहेत, ब्रँड आणि दुकानानुसार बदलतील. कोटेशन घेताना जीएसटी धरून की सोडून, ते विचारा. यातल्या बहुतेक वस्तूंवर तो १८ टक्के लागतो.

सगळ्यांत स्वस्त म्हणजे दारावरचं बोटाचं हजेरी यंत्र, साधारण ५ ते १० हजारांत. मावशी आली कधी, गेली कधी, एवढंच ते सांगतं. अडचण अशी की भांडी घासून, फिनाइलमध्ये हात घालून, सुगीत कापूस वेचून ज्यांची बोटं झिजली आहेत, त्यांचे ठसे यंत्र ओळखत नाही. मग ‘गैरहजर’ लागतं आणि पगार कापला जातो. अशा ठिकाणी थोडे जास्त पैसे घालून चेहरा ओळखणारं यंत्र घ्यावं, किंवा सही करायची वही सोबत ठेवावी.

दुसरा प्रकार पलंगाजवळ चिकटवलेल्या एनएफसी टॅगचा. एक टॅग २० ते ४० रुपयांना मिळतो. मावशी काम झालं की फोन टॅगला टेकवते आणि वेळ नोंदली जाते. वीस पलंगांचे टॅग हजार रुपयांच्या आत येतात, पण एनएफसी असलेला फोन लागतो आणि खूप स्वस्त फोनमध्ये ती सोय नसते. दोन फोन धरा, २५ ते ३० हजार. टॅगऐवजी क्यूआर कोड चिकटवला तर फुकटात काम होतं, मात्र कोडचा फोटो काढून स्वयंपाकघरात बसूनही तो स्कॅन करता येतो. टॅगलाही मर्यादा आहेच: टेकवून लगेच पुढे जाता येतं.

तिसरा प्रकार म्हणजे जाहिरातीत ज्याला ‘सेन्सर’ म्हणतात तो. मावशीच्या गळ्यातल्या ओळखपत्रात ब्लूटूथचा छोटा बीकन असतो. तो दर काही सेकंदांनी खूण पाठवतो आणि खोल्याखोल्यांतले रिसीव्हर ती पकडतात. ज्या रिसीव्हरकडे खूण सर्वांत जोरात पोहोचते, त्या खोलीत मावशी आहे असं धरलं जातं. विटांच्या भिंती असतील तर खोली बऱ्यापैकी बरोबर कळते. एकाच हॉलमधल्या शेजारच्या दोन खाटांमधला फरक मात्र कळत नाही, कारण अंदाज काही मीटरने चुकतो. विक्रेता ‘प्रत्येक पलंगाचा वेळ देतो’ म्हणाला, तर दोन खाटा शेजारी ठेवून समोर करून दाखवायला सांगा. सगळी खरेदी करण्याआधी दोन खोल्यांत महिनाभर चालवून बघणं तर हवंच.

वीस खाटा आणि दहा खोल्यांसाठी माझा अंदाज असा: सहा बीकन ६ हजार, दहा रिसीव्हर १० हजार, राउटर आणि इन्व्हर्टर २० हजार, बसवणं आणि सॉफ्टवेअर ३० ते ४० हजार. म्हणजे ६६ ते ७६ हजार. तीन वर्षांवर पसरलं तर माणशी महिन्याला सुमारे ९२ ते १०६ रुपये. इंटरनेट, बीकनचे सेल आणि दुरुस्तीला महिन्याला दीड हजार धरा, म्हणजे माणशी आणखी ७५. साधारण दोनशेत बसणाऱ्या गोष्टीसाठी संस्था दीड हजार मागत असेल, तर हिशेब मागा. इन्व्हर्टरचा खर्च वाचवू नका. उन्हाळ्यात वादळ आलं आणि लाइन गेली की राउटर बंद पडतो. नेट नसताना नोंदी रिसीव्हरमध्ये साठतात का, हेही विचारून घ्या. नसतील तर नेमके अडचणीचे तासच कोरे राहतात.

याच दोनशे रुपयांशेजारी दुसरा आकडा ठेवून बघा. बारा तासांच्या पाळीसाठी आणखी एक मावशी समजा १८ हजारांना मिळाली, तर माणशी ९०० रुपये पडतात. महिन्याला २६ दिवस धरले तरी प्रत्येकाला दिवसाला सरासरी ३१ मिनिटं जास्त मिळतात. ज्या संस्थेत हातच कमी आहेत, तिथे मोजण्यावर पैसा घालणं मला पटत नाही. आधी माणूस, मग यंत्र.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी मात्र वेगळा विचार करते. तिथे एकूण मिनिटांपेक्षा कूस बदलली का, हे महत्त्वाचं असतं. बेडसोअर टाळण्यासाठी साधारण दर दोन तासांनी कूस वळवायची प्रथा आहे, आणि गादीनुसार डॉक्टर वेळ कमी-जास्त करतात. सेन्सर एकाच पलंगाला लावायचा असेल तर तो याच पलंगाला लावावा. बेंगळुरूच्या डोझीसारख्या कंपन्या गादीखाली ठेवायची पट्टी बनवतात. तिच्यावर नाडी, श्वास आणि हालचाल कळते. मात्र ती रुग्णावर लक्ष ठेवते, मावशीचे तास मोजत नाही.

घरी मावशी ठेवली असेल तर एवढा पसारा नको. मुख्य दाराचा सेन्सर हजाराच्या आत आणि बैठकीतला वायफाय कॅमेरा दीड-दोन हजारांत येतो. न्हाणीघरात, कपडे बदलण्याच्या जागी कॅमेरा कधीच लावू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली स्त्रीचं असं चित्रण गुन्हा आहे. आणि जे काही लावाल ते मावशीला पहिल्याच दिवशी दाखवा. रात्री ती चार वेळा उठली असेल, पाळीनंतर दोन तास थांबली असेल, तर तेही त्या नोंदीत येतं, आणि ते पाहून जादा पैसे मागण्याचा तिला हक्क आहे. म्हणून नोंदीची प्रत दर महिन्याला तिच्याही हातात द्यावी. संस्थेकडून मात्र हे लेखी घ्या: नोंदी किती दिवस ठेवणार, कोण बघणार, आपण बाहेर पडल्यावर पुसणार का. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

करारात तीन ओळी असाव्यात: प्रत्येक पाळीत किमान किती माणसं, माणशी किती मिनिटं, आणि नोंदीची प्रत दर महिन्याच्या पावतीसोबत. हे पाळलं गेलं नाही तर आधी संस्थेला लेखी कळवा, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथेही तक्रार करता येते. म्हणजे आई वर्ध्यात असली आणि पैसे पुण्यातला मुलगा भरत असला, तर त्याला पुण्यातूनही दाद मागता येईल. त्यासाठी करार आणि पावत्या त्याच्या नावावर असू द्याव्यात.